चौथा कोपरा

वहिनी : कोण फोनवर कसं बोललं ते पुरे झालं, भाऊजी. अभ्रे दाखवा.

भाऊजी : हे घ्या. तीन घाऊक व्यापारी, तीन नमुने. एकेकाला बारा प्रश्न विचारलेत. भाव काय, माल किती दिवसांत, खराब निघाला तर परत घेणार का... लग्नाच्या मुलीलासुद्धा एवढं विचारत नाहीत.

वहिनी : मला तुमच्या घरी पंधरा विचारले होते. त्यातला 'शिवण येतं का' एवढाच आज कामाला आला.

भाऊजी : ऐका तरी. या पहिल्याचं गोदाम केवढं मोठं! दुसरा सगळ्यांत स्वस्त. तिसरा महाग, पण एकेक अभ्रा तपासून पाठवतो म्हणाला.

वहिनी : उलटे करा.

भाऊजी : गिऱ्हाईक सुलटाच घालतं की उशीला!

वहिनी : आणि उसवतो तो आतून.

भाऊजी : म्हणून तर जुना व्यापारी सोडला ना! पाचातले दोन तारे उरलेत दुकानाला. शनिवारपर्यंत दोनशे अभ्रे गेले नाहीत, किंवा गेलेले पुन्हा परत आले, तर वेबसाइटवाले दुकानच काढून टाकणार. नोकरी सोडून बसलोय मी, वहिनी.

वहिनी : (तिन्ही अभ्रे उलटे करून कोपऱ्यांवरून बोट फिरवत) इकडे बघा. तीन कोपऱ्यांत शिवण मागे घेऊन पक्की केलीय. चौथ्यात नुसताच दोरा तोडलाय.

भाऊजी : कुणी?

वहिनी : तिघांच्याही अभ्र्यात.

भाऊजी : मशीनचा दोष असेल.

वहिनी : मशीनला कंटाळा येत नाही, माणसाला येतो. जुन्या व्यापाऱ्याचा तो परत आलेला अभ्रा काढा बघू खोक्यातून.

भाऊजी : ...यातही चौथाच.

वहिनी : तोच हात. व्यापारी चार, शिवणारा एक.

भाऊजी : पण हे तिघं तीन गावांतले! एकमेकांना ओळखतसुद्धा नसतील!

वहिनी : तुम्ही मागितलंत काय त्यांच्याकडे?

भाऊजी : ऑर्डरी जुन्या फोटोवर आल्यात. वेगळा माल कोण घेईल? म्हणून तिघांनाही तोच फोटो पाठवला. म्हटलं, हुबेहूब असाच द्या.

वहिनी : मग दिला की बिचाऱ्यांनी. जिथे मिळतो तिथूनच आणून.

भाऊजी : बारा प्रश्न विचारले हो मी!

वहिनी : शिवतं कोण, ते सोडून.

भाऊजी : तुम्ही... तुम्ही नाही का पक्के करून देणार? माल हातात आला की?

वहिनी : नुसतं त्या कोपऱ्याचं असतं तर बसले असते मशीनवर. इथे शिवणीच्या आत माया सोडलेलीच नाही. टाके धरायला कापड नको? आत घेऊन शिवले, तर अभ्रा तोकडा होईल. मग उशी जायची नाही त्यात.

भाऊजी : दुसरा कुणी शोधू?

वहिनी : शनिवारपर्यंत?

भाऊजी : मग यातल्या कोणाला हो म्हणू?

वहिनी : स्वस्तवाल्याला. तिघांत फरक तेवढाच आहे.

भाऊजी : पण शनिवारी माल गेला, तर दुकान राहील ना, वहिनी?

वहिनी : राहील. पहिलं धुणं होईपर्यंत राहील.