मोटारींची टोपरी

पौडच्या एसटी थांब्यावर आरोहीच्या हातात भूगोलाचं पुस्तक होतं, पण कान मागच्या बाकावर गावच्या एसटीची वाट बघणाऱ्या बापलेकीकडे लागले होते.

"वृषाले, तू घरी बनवलेलं ते सीएनसी मशिन लाकूड कोरता कोरता मधीच थांबतंय. मोटारी नुसत्या चटका देत्यात."

"आबा, मागच्या खेपेला हॉस्टेलला जाताना मी मोटारींचा करंट कमी केला होता. पंखा चालू आहे ना?"

"हाय की. पण उद्या विहारावर पाटी लावायचीय, अन् ती निम्मीच झालीय."

"मोटारींवर काही ठेवलंय का?"

"ठिवलं न्हाई. तिन्हींना टोपरी शिवलीत."

"काय?"

"भुसा जाऊ नये म्हून. आतनं ब्लँकेटचं अस्तर हाय."

"आबा! जीव कोंडला त्यांचा!"

"मिक्सरला शिवलं, टीव्हीला शिवलं, तवा कुणी वरडलं न्हाई."

"आईला फोन लावा. टोपरी काढायची, मोटारी निवल्या की मशिन सुरू करायचं."

आबांनी फोन लावून तसं सांगितलं. तासाभरानं, एसटीच्या आधी आईचाच फोन आला.

"चाललंय म्हणती! मोटारी कोमट हायेत. शेवटची ओळ कोरतंय."

"सुटले बाई!"

"टोपरी टाकू नगं म्हणलं तिला. तिन्ही जोडून तुझ्या लॅपटॉपला एक झकास शिवतो."

"आबा!"

आरोहीनं पुस्तक तोंडावर धरलं, पण हसू बाहेर सांडलंच.