तिसरा एक्सल

पितांबर: परत तिथंच अडलं, नाना.

नाना: जोर करू नकोस. अडलेल्या इंजिनाला ढकलायचं नसतं, विचारायचं असतं. चाकांच्या तिसऱ्या जोडीला जोडणारा दांडा काढ. पहिल्या दोन जोड्या जोडलेल्या राहू दे.

पितांबर: काढला.

नाना: आता फिरव.

पितांबर: फिरतात. कुठंच अडत नाहीत.

नाना: आता तिसरी जोडी परत जोड.

पितांबर: जोडली. अडलं.

नाना: मग दोष कुठं आहे? सांग, मास्तर. शिंदखेड्याला वर्गात पोरांना असंच विचारतोस ना?

पितांबर: तिसऱ्या एक्सलवर.

नाना: आणि तिसरा एक्सल कुणी बसवला?

पितांबर: दांडा परत काढून बघतो.

नाना: दांडा राहू दे. तो एक्सल तुला दूर बसवून मी एकट्यानं बसवला. घामानं शर्ट भिजला होता.

बेबाबाई: मरो ते इंजिन! च्या कवयना थंडा व्हई गया. इतलंसं खेळणं, आन दोन वरीस व्हई गयात.

नाना: खेळणं नाही गं. तीस वर्षं रेल्वेत ज्या इंजिनांची चाकं बसवली, ती सगळी भंगारात गेली. एक तरी घरात चालताना बघावं म्हटलं.

बेबाबाई: मंग चालत का नही?

नाना: सायकलचं एक पायडल अगदी वर, दुसरं अगदी खाली असलं, की कितीही दाब, सायकल हलत नाही. हो की नाही?

बेबाबाई: मी कधी बसनू सायकलवर?

नाना: बरं, या मास्तरला विचार. तर इंजिनाचं तसं होऊ नये म्हणून एका बाजूच्या चाकाची, दांडा अडकवायची खुंटी दुसऱ्या बाजूच्या खुंटीपेक्षा पाव फेरा पुढं ठेवतात. एक बाजू अडली की दुसरी ढकलते. नवरा-बायकोसारखं.

बेबाबाई: म्हंजे मीच ढकलस.

नाना: तूच. आता प्रत्येक एक्सलवर हा फरक तंतोतंत सारखा यावा, म्हणून हा लोखंडी ठोकळा. याला म्हणायचं जिग. एक्सल यात आडवा ठेवायचा, खुंट्या या दोन खाचांत टेकवायच्या, आणि चाक दाबून बसवायचं. मग हात थरथरला तरी चाक थरथरत नाही.

पितांबर: पाव फेरा म्हणजे नव्वद अंश, अक्का.

नाना: नव्वदच पाहिजे असं काही नाही. हे जिग अठ्ठ्याऐंशीचं आहे.

पितांबर: तुम्हाला माहीत आहे?

नाना: केलं त्या दिवसापासून. खाच घासताना कानस जरा जास्त चालली. पण एकाच जिगवर तिन्ही एक्सल बसवले, की तिन्ही सारखेच चुकतात. आणि सारखे चुकले की इंजिन पळतं. एकानं शहाणपणा केला, की सगळे अडतात.

पितांबर: हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

नाना: तू कधी विचारलं नाहीस. तोंड का उतरलं तुझं?

पितांबर: काढून परत बसवू या ना तिसरा.

नाना: ओतीव लोखंड आहे, बाबा. एकदा दाबून बसवलेलं चाक काढलं की भोक सैल होतं. जळगावला जाऊन नवी ओतून आणली असती, पण ओतकाम करणारा झुलाल गेला आणि त्याचे लाकडी साचे पोरांनी चुलीत घातले. आणि समज, मिळाली चाकं. बसवणार कोण? जिग असूनही ज्याचा हात चुकतो, तो?

पितांबर: हात चुकला नसेल, नाना.

नाना: डॉक्टरनं सांगितलंय, काचबिंदू आहे. आता नळीतून पाहिल्यासारखं दिसतं, तेवढंही दिवाळीपर्यंत. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. तिसरा एक्सल एकट्यानं बसवायचा. जमलं, तर डोळे गेले तरी हत्यारं ठेवायची, बोटांनी काम करायचं. नाही जमलं, तर हत्यारं तुझ्या शाळेला. चला. ग्रीस धुऊन येतो.

(नाना भिंतीला हात लावत मोरीकडे जातात.)

बेबाबाई: भाऊ, ऐक. हत्यारं गयात ना, तर हाऊ माणूस जेवाव नही. माले माहीत शे. तू त्यास्ले सांग, चूक तुन्ही शे.

पितांबर: अक्का, ती माझीच चूक आहे.

बेबाबाई: हां! अस्संच सांग. बठ्ठं आपला आंगवर ले.

पितांबर: अहो, खरंच माझी आहे.

बेबाबाई: आस्सं! आते जरा रडका तोंडनं सांग, म्हंजे पटी.

पितांबर: अक्का...

बेबाबाई: ऊनात त्या. मी पोहे टाकस.

(नाना हात पुसत परत येतात.)

पितांबर: नाना, बसा. मला सांगायचंय. तुमचा हात चुकला नाही. दोन एक्सल झाल्यावर तुम्ही जेवायला उठलात, तेव्हा मी जिगला कोनमापक लावलं. अठ्ठ्याऐंशी भरलं. मला वाटलं, तुमच्या नजरेतून सुटलं. बोललो तर तुम्हाला लागेल. म्हणून चहाच्या डब्याचा पत्रा कापून खाचेत सरकवला आणि नव्वद केलं.

नाना: मोरी आणि ही खोली, मध्ये एक पडदा आहे, पितांबर.

पितांबर: अक्का बोलल्या ते वेगळं. हे खरं आहे.

नाना: पत्रा दाखव.

पितांबर: काढून टाकला. तुमच्या बोटांना लागेल म्हणून त्याच दिवशी.

नाना: म्हणजे घातलेला कुणी पाहिला नाही, आणि काढलेलाही नाही.

पितांबर: तिसरा एक्सल मोजा मग! हे कोनमापक. बघा, बरोबर नव्वद. हात चुकला असता तर इतकं नेमकं आलं असतं का?

नाना: किती म्हणालास?

पितांबर: नव्वद.

नाना: तू म्हणतोस म्हणून नव्वद. या पट्टीवर आकडे आहेत हेच मला दिसत नाही.

पितांबर: अक्का, तुम्ही सांगा त्यांना!

बेबाबाई: हो ना, तो खरं बोली ऱ्हायना. मन्ही आन.

नाना: बघ, ही लगेच शपथेवर आली. वाईट वाटून घेऊ नकोस. आठवीत होतास तेव्हाही लहान भावानं फोडलेली काच तू स्वतःवर घेतली होतीस. तुझ्या बापानं मारलं, तेव्हा मीच सोडवायला आलो होतो.

पितांबर: तेव्हा खोटं बोललो होतो, नाना. आज नाही.

नाना: असू दे. ती पेटी ओढ इकडे. आणि चिठ्ठ्या कर, प्रत्येक हत्याराला एक. मुलांच्या हातात जाणार, नाव नसलं तर खिळे ठोकतील त्यानं.

पितांबर: मी नाही लिहिणार.

नाना: साडेपाचची एसटी चुकेल तुझी. लिही. चाकं बसवायचं जिग. अठ्ठ्याऐंशी अंश.

पितांबर: लिहिलं.

नाना: अक्षर मोठं काढलंस ना?

पितांबर: मोठं आहे.

नाना: चांगलं केलंस. ज्याला लागेल त्याला वाचता आलं पाहिजे.