मधोमध थांबलेली पट्टी

बस की. खुर्ची तुझ्या डाव्या हाताला आहे — हं, तीच. चहा नाही करणार आज, राग मानू नकोस. मानायचा तर मान. तर काय म्हणत होतास? साहेबांना ती पट्टी आवडली. बटणं जुनाट दिसत होती. दिसत होती! अरे, मला दिसत नाही म्हणून तर तुमच्या कंपनीनं मला तपासायला घेतलं ना?

दर गुरुवारी येत होतास — बससेवेबद्दल लोकांची मतं घ्यायचीत, ऑनलाइन फॉर्मवर, अंधांनाही तो आपला आपण भरता आला पाहिजे, ताई, तुमच्याशिवाय कोण सांगणार — आणि मी या टेबलाशी बसून एकेका बटणावर बोट फिरवत होते. फोनमधली वाचून दाखवणारी बाई नुसतीच 'बटण, बटण' म्हणायची. मी म्हटलं, अरे, नावं दे त्यांना, नाव नसलेल्या माणसाला हाक कशी मारणार? दिलीस. 'अगदी वाईट', 'वाईट', 'ठीक', 'चांगली', 'उत्तम' — बाई घडाघडा वाचायला लागली. काय हसलो होतो दोघं तेव्हा! खरं सांगू? शेवटी शेवटी चुका उरल्याच नव्हत्या. मीच उकरून काढत होते — हे जरा अडतंय, ते पुन्हा बघ — तू पुढच्या गुरुवारी यावास म्हणून. घरात दुसरं कोण बोलतं माझ्याशी? भाऊ-वहिनी आहेत, हो — जेवलीस का, पंखा लावू का — त्याला काय बोलणं म्हणतात?... जाऊ दे. तो विषय नाही.

विषय हा, की मी फॉर्म पास केला आणि तुम्ही मागाहून बटणं काढून ओढायची पट्टी बसवलीत. बोटानं सरकवायची. डोळसांना गंमत! आमची बाई प्रश्न वाचायची आणि उत्तराची जागा आली की मूग गिळून गप्प. लोकांना वाटलं, उत्तर पुढच्या पानावर असेल — दाबलं 'पुढे'. पट्टी आपली मधोमध, म्हणजे 'ठीक'. आमची सगळी माणसं न बोलता 'ठीक' म्हणून गेली! आणि अहवालात काय आलं? अंध प्रवाशांची काही तक्रार नाही. तक्रार नाही, तर बसमध्ये थांब्यांची नावं पुकारणारा आवाज हवा कशाला — केला बंद.

आणि आमच्या माणसांनी तो फॉर्म भरला कुणाच्या शब्दावर? माझ्या. माझ्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून नेलास तू — 'मी स्वतः तपासलंय, बिनधास्त भरा.' काल आमच्यातल्याच मसाजवाल्या काकांचा फोन आला. भलत्याच थांब्यावर उतरले, गाड्यांच्या मधे चाचपडत उभे. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, 'पोरी, तू तर तपासलं होतंस ना?' काय सांगू त्यांना? केसानं गळा कापलास रे. साहेबांपुढं तोंड उघडत नव्हतं, कबूल — माझ्यापुढं तर उघडायचंस! एक फोन करायचास.

काय? नवीन काम आलंय? पुन्हा तपासून देऊ — आणि पुन्हा तसाच निरोप?

अच्छा. म्हणून आलास. मला वाटलं, गुरुवार नसताना आलास, म्हणजे माझ्यासाठी आलास.

आणि बसमधला आवाज पुन्हा सुरू होईस्तोवर मला रोज कामावर गाडीनं सोडशील? वा. अरे, गाडी कुणी मागितली होती? माझा थांबा मला कळत होता. कुणाला विचारावं लागत नव्हतं.

ऊठ. नाही — हात धरू नकोस. दार ओढून घे जाताना.