शिट्टीला दिलेले उत्तर

मी, सौ. संयोगिता लालासाहेब लाड, वय ६१ वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार कुंडल, तालुका पलूस, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी शाळेच्या मुलींना ओरिएंटिअरिंग शिकवते. नकाशा आणि होकायंत्र घेऊन माळावर लावलेली निशाणे शोधत धावण्याचा हा खेळ आहे. काल रविवारी कवठेमहांकाळ तालुक्यातील पवनचक्क्यांच्या पठारावर सहा मुलींचा सराव होता. त्यांपैकी सोनिया मल्हार कोळेकर, वय १३, ही पहिल्यांदाच एकटी धावत होती.

नव्या मुलींना माझा नियम असा की, वाट चुकली असे वाटताच जागेवर बसायचे आणि तीन आखूड शिट्ट्या मारायच्या. माझी लांब शिट्टी ऐकू आली की पुन्हा तीन मारायच्या. मी पोचेपर्यंत उठायचे नाही. निघण्यापूर्वी हा नियम मी प्रत्येकीकडून म्हणवून घेतला.

दुपारी चारपर्यंत पाच मुली परत आल्या. सोनिया आली नाही. होकायंत्र न पाहता, पवनचक्क्यांची तोंडे जिकडे ती दिशा धरून ती गेली, हे नंतर तिच्याकडून कळले. दुपारी वारा फिरला, तशी चक्क्यांची तोंडेही फिरली.

मुलींना गाडीत बसवून मी शोधायला निघाले. उतारावर दगडाची खाण आहे. माझा नकाशा जुना असल्याने त्यात ती नाही. तेथील मुकादम आकाराम यांनी मला रस्त्यातच अडवले. म्हणाले, "आवं बाई, म्होरं जाऊ नगा. सुरुंग हाय." खाली कोणी मुलगी दिसली का, असे मी विचारले. ते म्हणाले, "हितं कोण येतंय? शिट्टी झाली की कुत्रंबी पळतं."

त्याच वेळी खाणीतून एक लांब शिट्टी झाली. लगेच खालूनच तीन आखूड शिट्ट्या आल्या.

ती माझी विद्यार्थिनी आहे, ती पळणार नाही, असे मी आकाराम यांना सांगितले. त्यांनी खाली हाक दिली. वात पेटवली आहे, असे उत्तर आले. मी "सोनिया, पळ" असे ओरडले. किती वेळा, ते आठवत नाही. आकाराम यांनी माझा दंड धरून ठेवला होता. पुन्हा तीन शिट्ट्या आल्या. त्यानंतर दोन सुरुंग उडाले.

धुरळा बसण्याआधीच मी शिट्टी मारली. उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा माझ्याच्याने वाजली नाही.

सोनिया एका मोडक्या ट्रॉलीखाली सापडली. सावली पाहून ती तेथे बसली होती. शिट्टी दातांत होती. स्फोटापासून उजव्या कानाने तिला ऐकू येत नाही. ट्रॉलीवर दगड पडलेले आहेत, त्यांचा पंचनामा व्हावा. का पळाली नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "तुमीच उठू नगा म्हणाला व्हता, मॅडम."

सुरुंगाआधी खाणीत कोणी फिरून पाहिले नाही, याबद्दल माझी तक्रार आहे. माझ्या नियमाबद्दल मला कोणी विचारले नव्हते. तो मीच लिहायला सांगितला.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'मुलगी हरवली होती' असे आले होते, ते मी खोडायला लावले. ती सांगितल्याप्रमाणे जागेवरच होती. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.

सही
सं. ला. लाड