मामाच्या आंदणाची सायकल

— नाही जी, पुरनलालजी अजून नाही आले. दहाच्या आधी येत नाहीत ते. तुम्ही बसा ना, हा स्टूल घ्या, माझाच आहे. पुण्याच्या हेड ऑफिसातून एवढ्या दूर आले अन् गेटवर उभे राहता? बसा. चाय सांगू? नको? बरं. सायकलींचं पाहाले आले म्हणता — तर हा समोरचा टिनाचा शेड पाहा, सायकल-स्टँड. स्कीम आली त्याच साली बांधला, दोन हजार नऊ, दोन साल झाले. किती दिसून राहिल्या सायकली? तीन. एक माझी, एक झाडूवाल्या सुशिलाबाईची, अन् एक पावसाळ्यापासून पडून आहे, तिचा मालक कोण तेच मालूम नाही. स्कीमची त्यात एकही नाही. अन् स्कीममधून गेल्या किती? एकवीस! कुठं गेल्या म्हणता? ते मले विचारा ना, नऊ सालांपासून ह्या गेटवर मीच आहो.

स्कीम तुमचीच, तुमाले मी काय सांगू — कंपनी सायकल घेऊन देते, पैसे पगारातून कटते, अन् तेवढ्या पगारावर टॅक्स लागत नाही. तीन साल सायकल कंपनीची, मंग आपली. अट एकच, कामावर त्याच सायकलनं याचं. ह्याच शेडखाली उभं राहून पुरनलालजीनं नोटीस वाचली होती. पगाराचे बाबू तेच, स्कीमही त्यांच्याच हातात. मले वाटलं, बकाराम, ही तर तुझ्याचसाठी आली! मी कुडव्याहून रोज सायकलनंच येतो जी, ऊन असो का पाणी. सासऱ्यानं देलेली सायकल, पुढच्या चाकाचा चिमटा दोनदा वेल्डिंग केलेला. गेलो हात जोडून. तर काय म्हणे? 'बकाराम, तू टॅक्स भरतोस का?' म्हटलं, नाही जी, आमचा पगारच तेवढा नाही. 'मग वाचवशील काय?' — अन् सारं ऑफिस हासलं. हासले जी! फटफटीवाले हासले, कारवाले हासले, अन् सायकली त्यांनाच भेटल्या. एकानं पोट्ट्याले ट्यूशनसाठी देली, एकानं साळ्याले. कोणी म्हटलं का त्यांना काही?

दोन महिन्यांनी माझा चिमटा तुटला. रेल्वे फाटकाच्या उतारावर, अचानक. हा हात पाहा — कोपरातून पुरा सरळ होत नाही आता. पाहा ना, लाजू नका. रक्तानं भरलेला सदरा घेऊन अकराले गेटवर पोहोचलो, तर पुरनलालजीनं आधा दिवस लावला. नियम आहे म्हणे. नियम! खोटं कायले बोलू साहेब, त्या दिवसापासून राग धरून आहो मी. बायको म्हणते, सोडून द्या. कसं सोडू? गेटची कडी वर करतो तेव्हा हात दुखते, अन् रोज ती कडी त्यांच्याच फटफटीसाठी वर कराची.

तुमच्याकडं तक्रारीचा अर्ज आला ना, बिना सहीचा? कोणी केला मालूम नाही बाप्पा. असेल कोणी. पण त्यात लग्नाची गोठ आहे ना, तिसऱ्या पानावर? — तिसऱ्या म्हटलं का मी? असंच म्हटलं. असेल कुठंतरी. तर ती गोठ अशी — यंदा वैशाखात त्यांच्या भाचीचं लग्न झालं, भूमेश्वरीचं. मले बोलावलं, पाहुणा म्हणून नाही, गाड्या लावाले. आमच्याकडं आंदण मांडवातच मांडून ठेवते — पलंग, आलमारी, कुलर — अन् माइकवर पुकारते, कोणाकडून काय. मी दारात उभा. ऐकतो तर काय! 'नवरीच्या मामाकडून, श्री पुरनलालजींकडून, गिअरची सायकल!' टाळ्या वाजल्या, पुरनलालजीनं उभं राहून हात जोडले. मी जवळ गेलो. निळी सायकल, हँडलले हार. सीटखालच्या नळीवर चिकटपट्टी लावलेली. नखानं काढली — नंबर सतरा! स्कीममधून पुरनलालजीनं सोताच्या नावानं घेतलेली. तो नंबर मीच ठोकला होता जी. एकवीसच्या एकवीस सायकली, हातोडी अन् पंच घेऊन, ह्याच स्टूलावर बसून. कंपनीची सायकल ओळखू यावी म्हणून ते काम मलेच देलं होतं. पट्टी परत चिकटवून देली, चुपचाप. अन् त्या दिवशी मी दोनदा जेवलो साहेब. एवढी खुशी पोटच्या पोरीच्या लग्नातही झाली नव्हती.

आता माझं एकच म्हणणं आहे — ती सायकल उचलून आणा. तिच्या सासरच्या अंगणातून, दिवसाढवळ्या, सारं गाव पाहून राहिलं पाहिजे. माइकवर देली ना? मंग तशीच वाजतगाजत परत आणा. — काय? पोरीनं काय केलं? पोरीनं... काही नाही केलं. पोरगी चांगली आहे. मांडवातून जाता जाता तिनंच विचारलं होतं, काका, हाताले काय झालं? दुसऱ्या कोणी नाही विचारलं. आता शाळेत शिकवाले त्याच सायकलनं जाते ती, मालूम आहे मले. वाईट वाटते जी, कसं नाही वाटणार? पण तो विचार मामानं कराचा होता. मी कायले करू? तुम्ही उचला.

पुरावा? पुरावा आहे ना! हे घ्या, गेटचं रजिस्टर, स्कीमची कोणती सायकल रोज कामावर आली त्याचं. पाहा — नंबर सतरा, आली. सोमवारी आली, मंगळवारी आली, एवढ्या पुरात रस्ता बंद होता त्या दिवशीही आली! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहा, सायकल सासरी अन् इथं हजर. त्यांनीच सांगितलं होतं, 'बकाराम, लिहीत जा, तुझा करार दर साली मीच पुढं करून देईन.' लिहीत गेलो. — हो, अक्षर माझंच. — सही? तीही माझीच, रोजची. — मालूम होतं, खोटं आहे म्हणून मालूम होतं, तेव्हाच तर लिहिलं! दोन साल लिहिलं. एकही दिवस सुटू देला नाही, तापात असलो तरी आलो. म्हटलं, होऊ दे, होऊ दे जाड हे रजिस्टर, एक दिवस पुण्याहून कोणी येईलच... बाकीच्या वीस? त्याही मीच लिहिल्या, दुसरं कोण लिहिणार —

काय लिहून राहिले जी तुम्ही?

माझं नाव कायले?

...नाही, करार मार्चपर्यंत आहे माझा. मार्चमध्ये पुरनलालजी — हां. खरं आहे. आता कोण करून देणार.

बकाराम. बकाराम उईके, गेटमॅन. लिहा. पण थांबा जी, पुरनलालजींचं लिहिलं? दाखवा. नाही, असं नाही — पहिले त्यांचं लिहा, पुरं नाव, बापाच्या नावासकट, मोठ्या अक्षरात. मंग खाली माझं लिहा. मी नाही कुठं म्हणतो? पण खाली.

फटफटी आली. उठा साहेब, स्टूल बाजूले घेऊ द्या. गेट उघडाचं आहे.