स्वागतरावांची खांदेमळणी

...आन् वर मालक काय म्हन्त्यात, "कल्याण, नुसतं पुसायचं तर हाय!" नुसतं पुसायचं? अहो, या की एकदा सोनईला, आमच्या मंगल कार्यालयात, आन् दावा पुसून! रोबोट हाय त्यो, पन मानसाएवढा, आपला आपला चालनारा. दारात उभा राहून येनाऱ्या-जानाऱ्याला नमस्कार करतो, "या, बसा, जेवल्याशिवाय जाऊ नका" म्हन्तो. आमी त्याला स्वागतराव म्हन्तो. लगीन लागतं, वऱ्हाड निघून जातं, मागं ऱ्हातो मी आन् स्वागतराव! बोटांच्या सांध्यात अक्षता, डोळ्याच्या काचंवर गुलाबपानी, कपाळाला कुकू... आन् एका मामानं तर "घ्या पाव्हनं, लाजू नका" म्हनून तोंडात बुंदीचा लाडू कोंबला! तोंड कुठलं, आवाज यायची जाळी ती! एकेक बुंदी दातकोरन्यानं काढली मी. पानी लावायचं न्हाई, खसाखसा घासायचं न्हाई, आडवा करायचा तर माझा खांदा निखळतोय... तुमाला सांगतो, मानूस परवडला!

पन खरं सांगू? पाठीचं झाकन काढलं ना, की मी बघतच ऱ्हातो. काय त्या तारा, काय ती बारकी बारकी चाकं... आन् हात असा अलगद वर येतो की वाटतं, आता आळस देतोय का काय! पयल्यांदा बघितलं तवा मी चप्पल काढून उभा राहिलो हुतो. हसू नका, तुमीबी काढली असती.

तर सीझन संपला आन् स्वागतरावाचा उजवा खांदा धरला. नमस्काराला डावाच हात वर, उजवा लोंबतोय. पुन्याहून रोबोटच्या कंपनीतल्या धनश्री मॅडमचा फोन, "काका, पोळ्याच्या दिवशी येते मी. नीट सांभाळला नसेल तर परत न्यावा लागेल हं." परत? त्याच्यावर माझी नोकरी, आन् खोटं कशाला बोलू, जीवबी जडलेला. मग काय, आदल्या दिवशी नखापासून डोक्यापस्तोर चकाचक केला, चार्जिंगला लावला आन् च्या प्यायला गेलो.

आलो तर आमची आई, दगडाबाई, स्वागतरावाच्या खांद्याला हळद आन् लोनी चोळतीय! पोळ्याच्या आदल्या सांजेची खांदेमळनी! आमची बैलं कवाच गेली, ट्रॅक्टर आला, पन म्हातारीचे हात ऐकत्यात व्हय?

"आये, मशीन हाय ते!"

"असंल. सीझनभर राबला का न्हाई? खांदा धरला का न्हाई?"

आन् बैलाला सांगत्यात तसं त्याच्या कानाशी वाकून, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या!" त्यो म्हन्तो कसा... "आभारी आहे. नक्की येईन."

लोनी पार सांध्यात शिरलेलं! पुसतोय, पुसतोय, निघतंय कुठं... मानूस परवडला!

दुसऱ्या दिवशी मॅडमला फाट्यावरनं घेऊन आलो. खोली उघडी, चार्जिंगची वायर खाली, स्वागतराव गायब! "काका, रोबोट कुठंय?" आता काय सांगू, जेवाया गेला? कार्यालयामागंच आमचं घर, तसाच पळालो... आन् बघतो तर काय! अंगनात, पुरनपोळीच्या ताटापुढं, स्वागतराव उभा. एकाच हातानं नमस्कार. आई म्हन्तीय, "हाक मारली तर सरळ आला बघ! बसा की पाव्हनं, उभ्यानं कुनी जेवतं व्हय?"

अंगावर काटा आला हो! बोलावलं म्हनून आला... आमचे सख्खे पाव्हने चार फोन करूनबी येत न्हाईत! मॅडमनं हळदीचा खांदा बघितला. मी म्हनलं, संपलं, गेला आता. तर त्यांनी पिशवी उघडली, लोनी पुसलं, अंगनातच खांद्याची मोटर बदलली आन् हळूच म्हनाल्या, "राहू दे इथंच. पण काका, पुढच्या वर्षी लोणी नको, नुसतं आवतण द्या." दोन्ही हात जुळले तवा माझ्या डोळ्यांत पानी आलं, खरंच!

मॅडम जेवाया बसल्या. मी आईला म्हनलं, "आये, सीझनभर मीबी राबलोय. माझाबी खांदा धरलाय. मला कुनी लोनी लावंल का?"

"तुला काय धाड भरलीय? जा, त्याला सावलीत ने आधी. तापला असंल बिचारा!"

नेला... काय करता? मानूस परवडतो ना!