पंपाची किल्ली

परवाच्या गुरुवारची गंमत सांगते. इथे परदेशात, आमच्या बेस्ट गावात राहणारी शेजारीण मरियामा, मूळची सिएरा लिओनची, महालक्ष्मीच्या हळदीकुंकवाला आली होती. मी तिला सांगितलं, "घेतला वसा टाकायचा नसतो."

ती म्हणाली, "माझ्या आईनं टाकला नाही. युद्धात सरकारी माणसं गाव सोडून गेली, तरी बाजारातल्या बायका रोजचा कर आपसात गोळा करत राहिल्या. त्यावर पाण्याचा पंप चालला."

कुंकवाचं बोट माझं तसंच राहिलं.

"पुढे सरकार परतलं. साहेब म्हणाले, कर आता आम्हाला द्या. आईनं पेला पुढे केला, आधी पाणी प्या म्हणाली."

"मग दिला कर?"

"दिला की. पंपाची किल्ली मात्र अजून आईच्याच कमरेला आहे."